बेल्लेरोफोन्तेसचं बारसं

हुणसूरहून म्हैसूरला येणाऱ्या बसमध्ये सुष्मा सारखं एकच नाव पुटपुटत होती. कंडक्टरनं थोडा वेळ ऐकून घेतलं आणि ही गाडी तिथं जात नाही, असं सांगून टाकलं.

नाव होतं बेल्लेरोफोन्तेस. तिच्या भावाच्या, शरतच्या मुलाचं. आत्या ती एकटीच, तेव्हा पाळण्यात नाव तिनंच ठेवायचं. आईवडील गेल्यावर कुवेंपुनगरातल्या माहेरच्या घरात तिचा एवढाच हक्क उरला होता, आणि तोही पाच मिनिटांचा.

"अय्यो शरत, हे बाळाचं नाव की औषधाचं?" तिनं फोनवर विचारलं होतं.

"अक्का, ग्रीक वीर आहे. उडत्या घोड्यावर बसून राक्षस मारला त्यानं."

"मग?"

"मग स्वर्गात जायला निघाला, पडला आणि मरेपर्यंत एकटाच भटकला. पण तिथपर्यंत वाचतंय कोण?"

"बेलू म्हटलं तर?"

"मूळ ग्रीकमध्येच हवं. व्हिडिओ काढणार आहोत."

पाळण्याशी पोचेपर्यंत तिला नाव येत होतं. तेवढ्यात शरतची बायको अदिती गोड हसली. "ताई, टेन्शन घेऊ नका हं. अडलात तर आमची आभा आहे. तिचं तोंडपाठ झालंय."

अदितीची ही बहीण पाळण्यापलीकडे ओठ हलवत तयारच उभी होती.

झालं! सुष्माच्या डोक्यातून घोडा उडाला, तो वीरालाही घेऊन गेला.

ती बाळाच्या कानाशी वाकली. "कुर्र..." नाव घेऊन झालं की आत्याच्या पाठीत धपाटे बसायचे, म्हणून बायकांनी हात उचलले. "कुर्र..." पुढे काही येईना. बाळ टक लावून बघत होतं. त्यालाही आठवत नसावं.

"अक्का, बोल ना!" शरत मोबाइलमागून म्हणाला.

"बोलते रे. कुर्र..."

"ताई, सरका," आभा पुढे झाली. "मी सांगते."

"इरु, थांब गं आभा! माझं चाललंय!"

सुष्मानं पाळण्याची दोरी मनगटाला गुंडाळली. कुर्र चाललंय तोवर नाव चाललंय, आणि तोवर आत्याला कुणी हटवू शकत नाही, एवढंच तिला सुचलं. घामाबरोबर कुंकू नाकापर्यंत ओघळलं.

"कुर्र," ती म्हणाली. श्वास घेतला. "कुर्र."

मागे उचललेले हात अवघडले आणि एकेक करून खाली आले.