बिलकिसचे हात

अमडापुरात कुणाकडे लग्न निघालं की बांगड्या भरायला बिलकिस यायची. आधी तिची सासू यायची. बिलकिसचे हात इतके मऊ की बाईचा पंजा दाबून बांगडी कधी वर गेली, ते बाईलाही कळायचं नाही. त्या हातांवर तिचं घर चालत होतं.

छायाच्या लग्नात मात्र छायाच्या आईने, अन्नपूर्णाबाईंनी, तिच्यापुढे सॅनिटायझरची बाटली ठेवली.

"दर बाईमागं हात चोळजो वं. तुमच्या लोकायचं काही सांगता येत नाही."

बाया हसल्या. बिलकिसने साबणपाण्याचं वाडगं पुढे ओढलं. बांगडी सरकावी म्हणून जिचा तिचा हात त्यात बुडवायचा. पहिला मान अन्नपूर्णाबाईंचा. त्यांच्या अंगठ्याला नखुरडं झालं होतं, कडेला पू दिसत होता.

"मावशी, आता पाणी बदलतो."

"काऊन? माह्या हाताले किडे पडले का?"

पुन्हा हशा. पाणी तेच राहिलं.

दर बाईनंतर बिलकिस हात चोळायची आणि पुन्हा त्याच पाण्यात घालायची. दहाव्या बाईपर्यंत तिच्या हातांची कातडी पांढरी पडली. विसाव्या बाईपर्यंत पेरांवर चिरा गेल्या. झोंबून डोळ्यांत पाणी आलं, तशी एकीने बाटली आणखी जवळ सरकवली.

शेवटी छाया चुडा भरायला बसली. दुसऱ्याच बांगडीला तिच्या मनगटावर रक्ताचा ठिपका उमटला. रक्त बिलकिसचं होतं.

"पाह्यलं ना!" अन्नपूर्णाबाईंनी लेकीचा हात ओढून घेतला. "उठ. असल्या हातानं माह्या पोरीचा चुडा?"

चौथ्या दिवशी बिलकिसचं मधलं बोट काळंनिळं सुजलं. चिखलीच्या डॉक्टरांनी चिरून पू काढला.

"हात किती सुकलेत! सॅनिटायझर रोज लावता?"

"एकाच दिवशी लावलं. तीसेक वेळा."

"कातडीचं तेल गेलं, राखण करणारे साधे जंतूही गेले. मग भेगांतून घाण आत शिरली. कुणाला पू होता का?"

बिलकिसने बोट वाकवून पाहिलं. मग तिने विचारलं, "बोट वाकंल ना?"

"पूर्ण नाही वाकणार."

पुढच्या आठवड्यातल्या लग्नघरातून निरोप आला, येऊ नको. बाजाराच्या दिवशी अन्नपूर्णाबाई बायांना तिचं बांधलेलं बोट दाखवत होत्या.

"हेच ते हात. देवानं वाचवलं माह्या छायाले."

त्यांचा अंगठा आता अगदी बरा झाला होता.