खाटेवरचा धडधाकट माणूस

सुट्टीचा दिवस असूनही लाकडी सामानाचा पॉलिशवाला सकाळी लवकर उठला, चहा प्यायला आणि सवयीने कामाच्या पिशवीकडे वळला. बायकोने ती पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली.

"आज तुम्ही आजारी आहात," ती म्हणाली.

ही चेष्टा नव्हती. संध्याकाळी बंधुमंडळाची माणसं घर पाहायला येणार होती. बंधुमंडळ म्हणजे शहरातल्या व्यापारी, वकील, डॉक्टर अशा खाऊनपिऊन सुखी पुरुषांचा गट. त्यांनी एकमेकांना 'बंधू' म्हणायचं, अधूनमधून एकत्र जेवायचं आणि दरवर्षी डॉक्टरकी शिकणाऱ्या एका गरजू विद्यार्थ्याची फी भरायची. पॉलिशवाल्याची मुलगी हुशारीत कुणाला हार जाणारी नव्हती. डॉक्टरकीची दोन वर्षं बापाने कशीबशी रेटली. तिसऱ्या वर्षी मात्र हात टेकले. फीची मुदत तोंडावर आली होती. मंडळाने मदत केली तर शिक्षण पुढे चालणार, नाहीतर नाव पटावरून कमी होणार.

आता गरजू कोण, हे ठरवायचं कसं? तर घरी जाऊन बघायचं. आणि बघायला गेलेल्या माणसाला काहीतरी दिसायला हवं! राबणारा बाप, स्वच्छ पुसलेली जमीन, खिडकीला धुतलेला पडदा, एवढ्यावर बंधूंना पाझर फुटत नाही. म्हणून एक रीतच पडून गेली होती: पाहणीच्या दिवशी घरच्या कर्त्या पुरुषाने खाटेवर आडवं व्हायचं.

"आमच्या ह्यांनी गेल्या वर्षी दमा काढला होता," शेजारच्या काकू दाराला टेकून सांगत होत्या. "असे खोकले म्हणता, मीच घाबरले! तुम्ही आपलं दुसरं काहीतरी काढा. एकच दुखणं किती घरांत दाखवायचं? आणि तो मिक्सर द्या माझ्याकडे. उगाच डोळ्यांवर येईल."

मुलीच्या आईने मिक्सर दिला, पडदा उतरवला आणि नवऱ्याचे हात रॉकेलने घासायला बसली. नखांत मुरलेला पॉलिशचा तपकिरी रंग काही निघेना.

"हात चादरीखालीच ठेवा," शेवटी ती वैतागून म्हणाली.

"अगं, पण मला पाठ टेकली की झोप लागते."

"लागू दे. तेवढेच खरे दिसाल."

मुलगी पुस्तक उघडून बसली होती, पण डोक्यात एकही ओळ शिरत नव्हती. आजाराचं नाव तिनेच सांगायचं, असं आईने बजावलं होतं. डॉक्टर होणारी मुलगी सांगते म्हटल्यावर कोण शंका घेणार?

"आई, मला नाही जमणार गं."

"आणि घरी बसायला जमेल? एकदाच खोटं बोल. मग जन्मभर खरं सांगत बस लोकांना."

"सांग गं पोरी," बाप खाटेवरून म्हणाला. "मी मनाला लावून घेणार नाही. फक्त जरा बरासा आजार दे."

तिघे बंधू आले. एक धान्याचे व्यापारी, एक म्हातारे डॉक्टर आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेले मंडळाचे चिटणीस. चिटणीसांनी न विचारता कपाट उघडलं, स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणं उचलून पाहिली. चादरीखाली बाप घामाने निथळत होता. व्यापारी "अरेरे" म्हणाले.

"फोटो वार्षिक सभेत लावतो आम्ही," चिटणीस म्हणाले. "मुली, उशाशी बस. कपाळावर हात ठेव त्यांच्या. हां, अस्सं."

"काय झालंय वडिलांना?" डॉक्टरांनी विचारलं. "तूच सांग."

बापाने डोळे घट्ट मिटले. तिच्या तळव्याखाली त्याच्या कपाळाची शीर थडथडत होती. तो घाबरला होता. ज्या माणसाने कधी कुणापुढे मान खाली घातली नाही, तो तिच्यासाठी परक्यांपुढे आडवा झाला होता. तिला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

"काही झालेलं नाही," ती म्हणाली. "बाबा ठणठणीत आहेत. काल दिवसभर एका हॉटेलची टेबलं पॉलिश करून आलेत. उठा बाबा. मी सांगितलेला पहिलाच आजार खोटा नको."



"म्हणजे फसवत होता आम्हाला?" चिटणीस कडाडले.

"हो, फसवत होतो. फी भरता येत नाही, हे मात्र खरं आहे. बाबा दोन्ही हातांनी राबतात, तरी येत नाही. तेवढं पुरत नाही का तुम्हाला?"

डॉक्टर मात्र शांत होते. "पोरी, बोलायची काय गरज होती? आम्हाला ठाऊक असतं. दरवर्षी खाटेवर धडधाकट माणूसच असतो. तू काहीही सांगितलं असतंस तरी मी मान डोलावली असती."

बापाने चादर फेकून दिली आणि तो उठून डॉक्टरांसमोर उभा राहिला.

"ठाऊक असतं?" तो म्हणाला. "मग आम्हाला झोपवता कशाला?"

व्यापारी चपला शोधू लागले. उत्तर दिलं ते चिटणीसांनी, कॅमेऱ्याचं झाकण लावता लावता.

"उभ्या माणसाचा फोटो बघून कोण देणगी देतं हो?"

त्या वर्षीची फी दुसऱ्या घरी गेली. तिथला बाप नीट झोपून राहिला होता. पॉलिशवाल्याच्या मुलीचं नाव पटावरून कमी झालं. ती आता एका दवाखान्यात रोग्यांना नंबराच्या चिठ्ठ्या फाडून देते, पैसे साठवते आणि परत कॉलेजात जाणारच म्हणते. आई पुष्कळ दिवस तिच्याशी बोलली नाही.

चिटणीसांचं बोलणं उर्मट होतं, यात शंका नाही. पण वाचकहो, ते खोटं होतं का, हे तुम्ही आणि मी आपापल्या मनाला विचारायचं आहे.