इंजिन गरम करायचा खांब

गाडीच्या काचेवर शेजारच्या टोरगेरची चिठ्ठी पुन्हा आली. या हिवाळ्यातली सहावी. बर्फाने भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली, आणि अक्षर असं टोकदार की वाचणाऱ्याच्या डोळ्यात जावं. "हा खांब इंजिन गरम करायला आहे, गाडी पोसायला नाही. आजच्या सभेत निकाल लावू."

एल्द्रिदने चिठ्ठी चुरगाळली. सतरा वर्षांच्या पोरीला सहा चिठ्ठ्या म्हणजे सहा आव्हानंच. आज ती बोलणार होती, आणि अशी बोलणार होती की म्हाताऱ्याची बोलती बंद व्हावी.

फुरुलिया सोसायटीच्या बाहेरच्या पार्किंगमध्ये प्रत्येक जागेपुढे एक खांब होता आणि खांबावर एक सॉकेट. पेट्रोलच्या गाड्यांची इंजिनं थंडीत त्यावर पहाटे दोन तास ऊब घेत. आता तिथे तिच्या आईची, विग्दिसची, बारा वर्षांची इलेक्ट्रिक गाडी रात्रभर चरत बसायची. बॅटरीची ताकद दाखवणाऱ्या बारा रेघांपैकी आठच उरल्या होत्या. विग्दिस फिओर्डच्या खाडीकाठच्या शाळांमध्ये अकॉर्डियन शिकवायची, आणि सगळ्यांत लांबच्या दोन शाळांचा फेरा साठ किलोमीटरचा. भिंतीवरच्या चार्जिंग-पेट्या फक्त गॅरेजवाल्यांना मिळाल्या होत्या. बाहेरच्यांनी आणखी दोन वर्षं थांबायचं. तोवर हा खांब बंद झाला, तर त्या दोन शाळा सोडाव्या लागणार होत्या.

सभेत कॉफी होती, वॅफल होते, तपकिरी चीज होतं. गोडवा तेवढाच.

"फास्ट चार्जरवर जा की," टोरगेर म्हणाला. जन्मभर जहाजांवर इलेक्ट्रिशियन होता तो. आता सोसायटीच्या मंडळावर असा बसला होता, जसा खडकावर समुद्रकावळा.

एल्द्रिद उभी राहिली. "आमच्या गाडीला बसणारा प्लग गावात एकाच चार्जरला उरलाय. आणि थंडीने आखडलेल्या बॅटरीत तो रोज घाईघाईने वीज कोंबणार. म्हातारी बॅटरी आहे ती, टोरगेर. तिला सावकाश भरवावं लागतं. रात्रभर, साध्या सॉकेटवर. मी सगळं वाचलंय."

"वाचलंस? छान. वॅफल घे."

लोक हसले. एल्द्रिदच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"तू चिठ्ठ्या लिहितोस, मी वाचते. एवढाच फरक."

आता तिच्या बाजूने हसले. टोरगेरने कप खाली ठेवला. "गाडी आज कधी लावलीत?"

"चार वाजता."

"आता साडेसहा. चल बाहेर. सगळेच चला."

उणे नऊ अंशांत सगळी सभा कोट चढवत खांबापाशी जमली.

"हातमोजा काढ," टोरगेर म्हणाला. "प्लग मुठीत धर."

तिने ऐटीत धरला. दोन क्षण. मग हात आपसूक मागे आला. एवढ्या गारठ्यात प्लग पोळत होता. टोरगेरने तो उपटून सगळ्यांपुढे धरला. पिनांच्या बुडाशी प्लास्टिक करपून तपकिरी झालं होतं.

"थोडा गरम होतोच," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला पातळ वाटला.

"थोडा? दोन तास इंजिन गरम करायचा सॉकेट, त्यातून तुम्ही दहा तास दहा अँपियर ओढता. बॅटरीचे लाड केलेस, खांबाचं कोण बघणार? मागे लाकडी भिंत आहे. त्या भिंतीमागे मी झोपतो."

कोणी हसलं नाही. विग्दिसने लेकीची बाही ओढली. "राहू दे, एल्द्रिद. मी सोडते त्या शाळा."

हे ऐकून मात्र एल्द्रिद पुन्हा टोरगेरकडे वळली. लाज वाटत होती, पण लाज नंतरही वाटून घेता आली असती.

"हा खांब किती पेलेल?" तिने विचारलं. "रात्रभर?"

"काय?"

"जन्मभर हेच काम केलंस ना? मग सांग. का नुसत्या चिठ्ठ्याच येतात?"

टोरगेरने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिलाच उपटून काढणार. पण प्रश्न विजेचा होता. "नवा सॉकेट बसवला तर सहा अँपियर. त्याच्यावर रतीभर नाही."

केबलच्या डब्यावर बटण होतं. दहा, आठ, सहा अँपियर. इतके दिवस ते दहावरच होतं. कोणी हातच लावला नव्हता. संध्याकाळी चार ते सकाळी सहा, म्हणजे चौदा तास. तिने बोटांवर हिशेब केला, पुन्हा केला. साठ किलोमीटरपुरतं भरत होतं. घासून, पण भरत होतं.

"मग बंदीच्या ठरावाला माझी दुरुस्ती लिहून घ्या," ती अध्यक्ष बोर्गहिल्डला म्हणाली. "नवा सॉकेट, आणि फक्त सहा अँपियर."

आत जाऊन मतदान झालं. दुरुस्ती मंजूर, नऊ विरुद्ध सात. टोरगेरचा हात विरोधात, आणि सगळ्यांत उंच.

तरी पुन्हा बाहेर येऊन खांबाला कुलूप ठोकलं ते त्यानेच. "नवा बसेपर्यंत बंद."

"कधी बसणार?"

"उद्या दुपारी. मी बसवणार. दुसऱ्या कोणी केलं तर मला झोप यायची नाही."

"आणि मत विरोधात?"

"पुढच्या वर्षीही विरोधातच."

"पुढच्या वर्षी मीही येणार आहे."

"तीच तर भीती आहे."

विग्दिस अडखळत म्हणाली, "उद्या लांबच्या शाळेचा वार आहे. सकाळी लवकर उठून फास्ट चार्जरवर..."

"सकाळी नाही," टोरगेर पाठमोराच गुरकावला. "आत्ता जा. बॅटरीत ऊब आहे अजून. रात्रभर गोठू दिलीस तर सकाळी तासभर चार्जरपाशी रडत बसशील. आणि भरली की निघ, दुसऱ्यांची रांग अडवू नकोस."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. एकाच संध्याकाळी दुसऱ्यांदा. एल्द्रिद गाडीत बसली. दार धाडकन आपटावं असं फार मनात होतं. पण गाडी जुनी, आणि उद्या साठ किलोमीटर जायची होती. तिने ते हलकेच ओढून घेतलं.