तिसऱ्या कडव्यातली सर्दी

सतराव्या प्रश्नासमोर आईने पेन्सिलीने लिहिलेली ओळ मुलीने वाचली आणि ती टेबलावर खोडरबर शोधायला लागली.

"आई, काहीतरीच काय! एक गुण जाईल ना आपला."

क्लबच्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी बारा टेबलं मांडली होती आणि चाळिशी-पन्नाशीची माणसं परीक्षेला बसल्यासारखी हाताआड कागद लपवत होती. नव्वदच्या दशकातल्या नाचाच्या आणि पॉप गाण्यांवरची प्रश्नमंजूषा. कुठल्या गाण्यातली शिट्टी कोणी वाजवली, कुठल्या दोन व्हिडिओंत एकच जाकीट वापरलं, असल्या माहितीवरून शहाणीसुरती माणसं हमरीतुमरीवर येत होती. चौथ्या टेबलावर तिघंच होती. ही बाई, तिची मुलगी, आणि बाई जिथे काउंटरवर बसून नंबर पुकारायची त्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढणारा, म्हणून सगळे ज्याला रक्तवाला म्हणत तो. मंचावर खास पाहुणी होती बाईची धाकटी बहीण. चंदेरी जाकीट, उंच टाचा. एका गाण्याच्या जोरावर तिला अजून अशी बोलावणी यायची.

सतरावा प्रश्न त्याच गाण्याचा होता. तिसऱ्या कडव्यात गायिकेचा आवाज मध्येच फाटतो, त्याचं कारण काय?

बाईने लिहिलं होतं, 'गाता गाता तिला कळलं, की कॅसेटवर नाव दुसरीचं येणार.'

"हे कुठून काढलंस?" मुलीने विचारलं.

"मी होते तिथे."

"तू? मावशीचा डबा पोचवायला गेली असशील." मुलगी रक्तवाल्याकडे वळली. "आमच्या आईचा आणि सुराचा छत्तीसचा आकडा. मला झोपवायचीसुद्धा मावशीची कॅसेट लावून."

रक्तवाला हसला. बाईच्या ओठांवर पुढचं वाक्य आलं होतं. मुलीला एकदा तरी कळावं, एवढ्यासाठीच ती आज आली होती, नाहीतर ह्या पोरखेळात तिला काडीचा रस नव्हता. पण डब्याचं ऐकून तिने पेन्सिल मुलीकडे सरकवली. मुलीने ओळ नीट खोडली, फुंकर मारून कचरा उडवला आणि गोल अक्षरात लिहिलं, 'सर्दी'.

ध्वनिमुद्रणाच्या त्या दिवशी काचेपलीकडचा कॅसेट कंपनीचा माणूस बाईच्या हेडफोनमध्ये किती गोड बोलला होता. तिची दोन कडवी गाऊन झाली होती.

"गाणं झकास होतंय. फक्त नाव आणि फोटो धाकटीचा टाकतोय हं. ती नाचते, दिसते. कालच होकार दिलाय तिने."

कालच. म्हणजे काल रात्री धाकटी तिच्याच पांघरुणात शिरून झोपली आणि तिने चकार शब्द काढला नाही. तेवढ्यात संगीत सुरू झालं, तिसरं कडवं आलं आणि दुसऱ्या ओळीला गळ्याने दगा दिला. ध्वनिमुद्रकाला तो फाटलेला आवाजच आवडला, त्याने तसाच ठेवला. बाहेर बाकावर धाकटी बसली होती. वर न बघता तिने विचारलं होतं,

"ताई, आवाजाला काय झालं गं?"

"सर्दी."

सांभाळून घेतलं होतं तिने. एकोणीस वर्षांची पोर, आज ना उद्या आपणहून बोलेल असं वाटलं होतं. पण गाणं असं काही गाजलं, की खरं सांगणं म्हणजे बहिणीच्या पोटावर पाय देणं झालं. दुसरं काही गायलं असतं तर लोकांनी आवाज ओळखला असता, म्हणून बाईने गाणंच सोडलं. ह्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली आणि धाकटी अजून बोललेली नाही. बाईला तिचा राग येत असे, पण स्वतःचा त्याहून जास्त.

"उत्तर खुद्द पाहुण्यांनाच विचारू या," निवेदक म्हणाला.

धाकटीने माइक हातात घेतला. "सर्दी हो! नाक चोंदलेलं, डोळ्यांतून पाणी, तशीच उभी राहिले आणि गायले." ती बाकीच्या अकराही टेबलांकडे बघून हसली. चौथ्याकडे तेवढी तिची नजर आली नाही.

"बघ!" मुलीने ठसठशीत बरोबरची खूण केली.

मागून कोणीतरी ओरडलं, एक ओळ होऊन जाऊ द्या. धाकटीने गळ्याला हात लावला. "आज नेमकी परत सर्दी!" हॉलभर हशा पिकला, टाळ्या पडल्या, आणि निवेदकाने मूळ गाणंच लावून दिलं. माणसं टेबलं बडवत गायला लागली.

"म्हण ना गं तू पण. इथे कोण ऐकतंय तुला," मुलगी कोपराने ढोसत म्हणाली.

पहिली दोन कडवी बाईने नुसतीच ऐकली. तिसऱ्याला ती गायला लागली, आधी पुटपुटल्यासारखी, मग खऱ्या आवाजात. दुसरी ओळ आली, आणि आवाज फाटला तो अगदी त्याच जागी.

मुलगी गायची थांबली. डोळे विस्फारून ती आईकडे बघत राहिली. बाईने टेबलाची कड घट्ट धरली. कळलं हिला, असं तिला वाटलं.

"आई! अगं किती हुबेहूब!" मुलगी टाळी देत म्हणाली. "मावशीची नक्कल करायला कधी शिकलीस?"

रक्तवाला मात्र हसला नाही. नंबर पुकारणारा हाच आवाज तो रोज सकाळपासून ऐकत होता. त्याने मंचाकडे पाहिलं, स्पीकरकडे पाहिलं, आणि मग बाईकडे.

"बाई," तो हळूच म्हणाला, "तुमचा आवाज..."

मंचावरून धाकटी पहिल्यांदाच ह्या टेबलाकडे बघत होती.

"सर्दी," बाई म्हणाली, आणि तिने अठराव्या प्रश्नाचा कागद पुढे ओढला.