खिडकी बंद करू नका

तळघरातल्या मोठ्या युनिक्स मशीनवर सोल्वेगचं गणित सहा दिवस चालू होतं आणि अजून एक दिवस लागणार होता. पण ते सुरू करताना घाईघाईत ती आधी 'नोहप' ही, खिडकी मिटली तरी काम चालू ठेवणारी आज्ञा लिहायला विसरली होती. आता ते जिथून सुरू केलं ती तिच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावरची खिडकी मिटली, की गणितही मेलं. म्हणून तिने मॉनिटरवर चिठ्ठी डकवली होती: 'खिडकी बंद करू नका.'

दुपारी ती वर्गावर असतानाच मिनेसोटाचं बर्फाळ वादळ सुटलं. परतताना जिन्यात दिवे लुकलुकले. ती धावतच खोलीत शिरली. हीटर फार तापतो म्हणून सकाळी उघडलेली भिंतीतली खिडकी अजून सताड उघडीच होती. तिच्या खोलीत बसणारे, आयुष्यभर पेन्सिलीनेच प्रमेयं सोडवलेले म्हातारे प्रोफेसर एल्डन ओव्हरकोटात कुडकुडत होते.

"सर, माझ्या कॉम्प्युटरला हात नाही ना लावलात?"

"चिठ्ठी वाचली की तुझी! तासभर गारठलोय, पण खिडकी बंद केली नाही." सर अभिमानाने म्हणाले. "बर्फ आत यायला लागला, म्हणून तुझा कॉम्प्युटर तेवढा बंद करून झाकून ठेवला."