दोन जामीन

सेक्रेटरींना पतपेढीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत ते सेक्रेटरीच. बायकोशी ते काय बोलतात हेही सगळ्या गल्लीला ठाऊक असे, कारण तिला ऐकू येईनासं झालं होतं आणि हे घसा फोडून बोलत. कानाचं मशीन घ्यायचं, पण पेन्शनीत ते बसेना. शेवटी त्यांनी कपाटातलं एक जुनं पुस्तक काढलं आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानात नेलं.

पुस्तक पतपेढ्यांवरचं. पहिली आवृत्ती, आत लेखकाची सही. असल्या विषयाचेही शौकीन असतात, जगात काय नाही. दुकानदार खुशीत होता. मग त्याने पहिलं पान उघडलं आणि कपाळाला हात लावला. लेखकाच्या सहीखाली ‘जामीन’ असं लिहून आणखी दोन सह्या ठोकलेल्या होत्या. एक सेक्रेटरींची, दुसरी गल्लीच्या टोकाला बसणाऱ्या शिंप्याची.

“हे काय करून ठेवलंत?”

“आमच्याकडे दोन जामिनांशिवाय कागद पुढे सरकत नसे,” सेक्रेटरी म्हणाले. लेखक पतपेढीच्या सभेला आले होते. त्यांची एकटी सही बघून सेक्रेटरींचा हात सवयीने शिवशिवला, आणि शेजारी बसलेल्या शिंप्यालाही त्यांनी सही करायला लावली. लेखक पोट धरून हसले होते.

“दोघे जामीन हयात आहेत ना अजून?” दुकानदाराने विचारलं. “मग दोघांनी मिळून लिहून द्या, की लेखकाने सही आमच्यादेखत केली. हेच पान भाव खाईल. एकट्याचं मात्र चालणार नाही.”

सेक्रेटरींचा चेहरा पडला. त्या सभेनंतर काही वर्षांनी शिंप्याने दुसरं शिलाई मशीन घ्यायला कर्ज मागितलं होतं आणि जामीन राहा म्हणून यांना गळ घातली होती. नियमात बसत नाही, असं यांनी सांगितलं. असा नियम कुठेच नव्हता. सेक्रेटरी घाबरले होते, एवढंच. शिंप्याला ते कळलं आणि बोलणं तुटलं. तेव्हापासून सेक्रेटरी लांबून कपडे शिवून आणत, आणि एकही शर्ट खांद्यात बसत नसे.

दुसऱ्या दिवशी ते शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. दुकानात अजून एकच मशीन होतं. काय हवंय आणि कशासाठी, ते त्यांनी कसंबसं सांगितलं आणि लिहून आणलेला कागद पुढे केला. शिंप्याने कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

“माझ्या सहीला आता किंमत आली म्हणायची,” तो म्हणाला. “तुझी तेव्हा फुकट होती. तरी दिली नाहीस.”

सेक्रेटरींना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कागद परत घ्यायला त्यांनी हात पुढे केला, तर शिंपी कानामागची पेन्सिल ठेवून पेन शोधत होता. त्याने सही केली आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

“कानाचं मशीन बसलं की वहिनींना घेऊन ये.”

“कशाला?”

“आपल्या भांडणात त्यांनी तुझीच बाजू ऐकलीय. तू ओरडून सांगत होतास, मला इथपर्यंत ऐकू येत होतं. माझी बाजू मी हळू आवाजात सांगेन.”

“आणतो,” सेक्रेटरी म्हणाले. ते वळले, तेव्हा शिंप्याने मागून त्यांच्या शर्टाचा खांदा चिमटीत धरला आणि टेप काढला.