खोट्या लाटा

परवा मनिलाहून एजन्सीच्या बाईचा फोन आला होता. "सेल्मो, जहाजं परत सुटतायत. लोक दोन वर्षं घरात कोंडून कंटाळलेत, तिकिटं हातोहात जातायत बघ. येतोस ना?" मी म्हटलं, विचार करून सांगतो. बाई हसायलाच लागली. विचार करून सांगणारा कपडे धुणारा तिला आजवर भेटला नसावा.

खरं तर बाईचंही चुकलं नाही. मी कधी विचारबिचार केला नव्हता. एकोणीस वर्षं जहाजाच्या धुलाईघरात काढली. तीन हजार प्रवाशांच्या चादरी, टॉवेल, टेबलांवरची कापडं. धुलाईघर जहाजाच्या पोटात, पाण्याच्या रेघेच्याही खाली. खिडकीचं नाव नाही. बंदर लागलं की प्रवासी बदलायचे, म्हणजे झाडून सगळ्या चादरी बदलायच्या, म्हणजे वर लोकांची मजा आणि खाली आमचं मरण. अख्खं जग फिरलो, पण जग कसं आहे म्हणून कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन की दमट आहे आणि त्याला साबणाचा वास येतो.

हे तातांगना कुठल्या तोंडाने सांगणार? तातांग म्हणजे माझे वडील. सान रोके वस्तीतले सगळ्यांत जुने मच्छीमार. मी जहाजावर लागलो तेव्हा त्यांनी अख्ख्या किनाऱ्याला सांगितलं होतं की माझा सेल्मो मोठा समुद्र बघायला गेलाय. दर रविवारी माझा फोन जायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, "काय दिसतंय रे?"

मी द्यायचो ठोकून. देवमासे, बर्फाचे डोंगर, उडणारे मासे. थोडं वर जेवण वाढणाऱ्या पोरांकडून ऐकलेलं, थोडं कँटीनमधल्या कॅलेंडरावरचं. तातांग खोदून विचारायचे, वारा कुठला होता, पाण्याचा रंग कसला होता. मी तोंडाला येईल तो रंग द्यायचो. फोन ठेवला की जिवाला खायचं, पण पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

मग साथ आली. प्रवासी घाईघाईने उतरवले आणि आम्हाला कुठलंच बंदर घेईना. नको असलेल्या पाहुण्यासारखे दारोदार फिरलो आणि शेवटी आमच्याच खाडीत, मनिलाच्या उपसागरात येऊन नांगर टाकला. तिथे आधीच वीस-बावीस जहाजं उभी होती. पांढरीशुभ्र, रिकामी, कुणीतरी धुऊन वाळत घातल्यासारखी. ना संगीत, ना भोंगा. सकाळी धुकं असलं की ती पाण्यावर नाहीत, हवेतच आहेत असं वाटायचं.

कप्तानाने हुकूम काढला, एका खोलीत एकच माणूस, आणि आम्हा खालच्यांना वर प्रवाशांच्या खोल्या दिल्या. मला मिळाली आठव्या मजल्यावरची, बाल्कनीवाली. पलंगावरची चादर मीच धुतलेली. पडदा बाजूला केला, दार उघडलं, आणि वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी जहाजावरून समुद्र पाहिला. मग मला भडाभडा उलटी झाली.

"अरे देवा!" शेजारच्या बाल्कनीतून आवाज आला. "एकोणीस वर्षांचा खलाशी, आणि उभ्या जहाजावर ओकतोय!"

हा बाल्दो, इलोइलोचा. जेवणघरात वाढायचा. मधे पातळ भिंत होती, त्यामुळे तोंड दिसायचं नाही, फक्त सिगारेटचा धूर आणि टोमणे यायचे. जेवण दाराबाहेर ठेवून जायचे. बाल्दो म्हणायचा, "सुका मासा आणि व्हिनेगर मिळालं ना, तर हे जहाज विकून टाकीन मी." दिवसभर आम्ही दोघं भिंतीला पाठ लावून बसायचो आणि काही न करता संध्याकाळ व्हायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी जहाज हळूच वळलं. नांगरावर उभं असलं तरी भरती-ओहोटीला ते त्याच्याभोवती फिरतं, हे मला कुठे ठाऊक! समोरचा किनारा सरकत गेला आणि बाल्कनीसमोर आलं माझं गाव. पोपटाच्या चोचीसारखा आमचा डोंगर, खाली सान रोकेच्या देवळाचा मनोरा, नारळी, पत्र्यांची छपरं. टोकाचं हिरवं छप्पर आमचं. मी कठड्याला धरून लहान मुलासारखा रडलो.

त्याच छपराखाली तातांग अंथरुणाला खिळले होते. हृदय थकलं होतं, पायांना सूज. डॉक्टरांनी माझ्या बहिणीला, पुरिंगला, सांगितलं होतं, महिना, फार तर दीड. मला घरी पोचायचं होतं, बस्स. नाकात काडी घालून तपासणी झाली, पण निकाल यायला इतके दिवस लागले की तो शिळा ठरला. पुन्हा काडी. रोज सकाळी कर्ण्यावर उतरणाऱ्यांची नावं पुकारायचे. मी कपडे घालून, बॅग भरून दाराशी उभा राहायचो. माझं नाव येत नव्हतं.

रविवारी फोन केला. पुरिंगने तो तातांगच्या कानाशी धरला.

"काय दिसतंय रे?"

सवयीने तोंड उघडलं. "तातांग, आज सकाळी डॉल्फिनचा मोठा कळप—"

"गाढवा! माझ्याच खाडीत मलाच डॉल्फिन दाखवतोस?"

पलीकडे बाल्दो फिस्सकन हसला.

"खरं सांग," तातांग म्हणाले. "मनोरा चोचीच्या कुठल्या बाजूला आहे?"

मी हात लांब करून बघितलं. "डावीकडे. वीतभर."

"मग तुम्ही फार बाहेर आहात. तळाला चिखल असेल. मासा नाही तिथे." मग थोडं दम खाऊन म्हणाले, "एकोणीस वर्षांत तू सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट. एकदा तर तू पौर्णिमेचा चंद्र पश्चिमेला उगववलास."

माझे कान तापले. "तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"अरे, खरं बोलला असतास तर फोन दोन मिनिटांत संपला असता. खोट्याला कसा अर्धा तास लागायचा."

त्या दिवसापासून फोन रोज. फक्त खरं सांगायचं, हा करार. तातांग डोळे मिटून पडलेले असायचे आणि मी त्यांना त्यांचंच गाव समुद्राच्या बाजूने दाखवायचो. त्यांनी मला घरी यायची वाट शिकवली, जी मी लहानपणी होडीतल्या उलट्या घमेल्यावर डोकं टेकून झोप काढत घालवली होती. आधी मनोरा बरोबर चोचीखाली आणायचा आणि तो तिथून हलू द्यायचा नाही. डाव्या हाताला शिंपल्यांच्या शेतीचे बांबू मागे टाकायचे. मग पाणी निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळट होतं. वाळूच्या बांधावर लाट तीनदा उचलते. तिसरीला इंजिन बंद. मी पाठ म्हणायचो आणि ते चुका काढायचे. तिन्हीसांजा व्हायच्या, पाणी दुधासारखं शांत व्हायचं, आणि तातांग म्हणायचे, "आता ओहोटी लागेल. तुझं जहाज वळेल. मी दिसेनासा होईन हं." आणि खरंच गाव कठड्याच्या कडेने हळूहळू निघून जायचं.

"तुझी आई छपरावर लाल चादर टाकायची, आठवतं?" एकदा त्यांनी विचारलं. "वादळ येणार असलं की. तू झालास तेव्हाही. चादर दिसली की जाळं तिथेच सोडून घर गाठायचं. आता पुरिंगला सांगून ठेवलंय. वेळ आली की टाकेल. पण तू मला फोनवर 'येतो' म्हणू नकोस. ते तुझ्या हातात नाही."

"नाही म्हणणार," मी म्हटलं.

अकराव्या दिवशी सकाळी दार उघडलं. गाव समोरच होतं. हिरव्या छपरावर लाल ठिपका होता.

कर्ण्यावर नावं चालू होती. माझं नव्हतं. मी धावत खाली गेलो, अधिकाऱ्याच्या पाया पडायचा बाकी राहिलो. बिचारा तोही रडकुंडीला आला, म्हणाला, कागदाशिवाय होडी कशी देऊ? परत वर आलो आणि फोन लावला.

"कुया," पुरिंग म्हणाली, मोठ्या भावाला आमच्यात तसंच म्हणतात, "अजून आहेत. ऐकू येतंय त्यांना. बोल लवकर."

श्वास ऐकू येत होता, विहिरीवर रहाट ओढल्यासारखा. मग अगदी बारीक आवाजात, "काय दिसतंय रे?"

मी करार मोडला.

"तातांग, मी होडीत आहे. सोडलं मला. येतोय."

श्वास थांबला. मग म्हणाले, "वारा कुठला?"

वर निशाण फडफडत होतं. "नैऋत्येचा. आत्ताच फिरलाय."

"हं. मनोरा?"

"सरकतोय. अजून चार बोटं... आता दोन... आला, चोचीखाली आला. धरून ठेवलाय."

"इंजिन ऐकू येत नाही तुझं."

मी इकडेतिकडे बघायला लागलो. आणि भिंतीपलीकडून आवाज सुरू झाला. टर्र-टर्र-टर्र-टर्र. बाल्दो! इलोइलोचा बाल्दो तोंडाने होडीचं इंजिन चालवत होता, कठड्यावर मूठ आपटत ताल धरत होता. मी फोन त्या बाजूला केला.

"बांबू मागे पडले, तातांग. वर एक बगळा बसलाय. पाणी हिरवं झालं. आता पिवळट." तेवढ्यात ओहोटी लागली. जहाज वळायला लागलं. मनोरा गेला, नारळी गेल्या, लाल ठिपका कठड्याच्या कडेशी आला आणि गेला. समोर नुसतं रिकामं पाणी. मी बोलतच राहिलो. "पहिली लाट उचलली. दुसरी. दाराशी पुरिंग उभी आहे. ही तिसरी."

बाल्दोने इंजिन बंद केलं.

"वाळू लागली, तातांग. आलो मी."

तातांग हसले. हसलेच ते, मी शपथेवर सांगतो. "त्या इंजिनाला म्हणावं, पाणी पी थोडं." आणि मग म्हणाले, "आज एकही लाट चुकली नाहीस. ये. पाय पुसून आत ये, पुरिंगने आत्ताच जमीन पुसलीये."

त्यानंतर फोनवर पुरिंगचं रडणं आलं. भिंतीपलीकडे बाल्दोही रडत होता. दोघं भिंतीला पाठ लावून तसेच बसून राहिलो.

माझं नाव त्यानंतर नवव्या दिवशी पुकारलं. तोवर त्यांना पुरूनही झालं होतं, चारच माणसांत. मनिलाच्या धक्क्यावरून गाडीने येता आलं असतं, पण मी एका मच्छीमाराला गळ घालून होडीनेच आलो. मनोरा चोचीखाली आला. बांबू मागे पडले, बगळा होताच. पाणी हिरवं झालं, मग पिवळट. तिसऱ्या लाटेला मी त्याला म्हटलं, बंद कर.

ते जहाज पुढे भंगारात गेलं म्हणे. एजन्सीच्या बाईला कळवणार आहे, खिडकी असेल तर येतो. ती पुन्हा हसेल, हसू दे.

त्या दिवशी होडीतून उतरलो तेव्हा छपरावर लाल चादर तशीच होती. बोलावलेल्यानेच ती उतरवायची असते. पुरिंग दारात उभी राहिली आणि मला मिठी मारायला पुढे आली. मी तिला हाताने थांबवलं, उंबऱ्याशी वाकलो, आणि आधी पाय पुसले.